वाकळ उसवताना

कोरेगाव म्हटलं की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढं एकच कोरेगाव उभं राहतं. भीमेकाठचं. १ जानेवारी १८१८ ची लढाई, तो दगडी खांब, खांबावर कोरलेली शेवटी 'नाक' असलेली आपल्या माणसांची नावं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले आणि तो मुका दगड आपल्याशी बोलायला लागला.

दुसरं कोरेगाव पुस्तकातलं. १९०१ साली दहा वर्षांचे बाबासाहेब भावा-भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. महाराची पोरं म्हणून गाडीवान मिळेना. रात्रभर जवळ अन्न होतं आणि पाणी नव्हतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हे सगळं आहे, आणि तिथं त्या गावाचं नाव कोरेगाव असंच छापलेलं आहे. पण ते गाव खटाव तालुक्यातलं. आमचं नव्हे.

तिसरं कोरेगाव माझं. सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव, तिळगंगेच्या काठचं. पुण्याहून मिरजेला जाणारी रेल्वे आमच्या शिवारातनं जाते. बाबासाहेबांची ती गाडीसुद्धा साताऱ्याहून मसूरला जाताना इथनंच गेली. पण इथं खांब नाही. इथं कुणी दगडावर आपलं नाव कोरलं नाही. इथं आमच्या घराघरांत वळणीवर वाकळा आहेत.

हा लेख वाकळेचा आहे. हसू नका. मी सूतगिरणीत रिंगखात्यात काम करणारा माणूस. कॉलेजात इतिहास शिकलो नाही. मिळेल ते वाचलं, रात्रपाळीनंतर वाचलं. पण एवढं कळलंय की ज्यांच्या हातात लेखणी दिली नाही त्यांचा इतिहास कागदावर शोधून सापडत नाही. तो दुसरीकडं ठेवलेला असतो. आमच्या घरी तो वाकळेत ठेवलेला होता.

*

गोष्ट सुरू झाली भांडणातनं. आमच्या वस्तीत पोरांचा अभ्यासवर्ग चालतो. मनुस्मृतिदहनावर चर्चा चालली होती. माझा एक दोस्त उठला आणि म्हणाला, "पुस्तक जाळून शंभर वर्षं होत आली, पण आपल्या घरात अजून मढ्यावरची कापडं हायत. म्हातारीच्या वाकळा बघा. त्या पण जाळल्या पायजेत."

सगळे गप्प झाले. कारण तो खोटं बोलत नव्हता.

मी घरी आलो आणि आज्जीला सांगितलं. आमच्या घरात एक वाकळ आहे, जड, काळपट, दोघांनी धरल्याशिवाय उचलत नाही. आज्जीची सासू, म्हणजे माझी पणजी, तिनं घातलेली. आज्जीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाळ की. पण आदी उसव. कुणाकुणाला जाळतुयास ते तर बघ."

म्हणून आम्ही वाकळ उसवली. सुट्टीच्या दिवशी, अंगणात, आज्जी आणि आई, मी आणि माझी बहीण. दुपारनंतर तो दोस्तही आला. पुढं जे लिहितोय ते त्या दिवशी त्या अंगणात वाचलं ते.

*

ज्यांना वाकळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. शहरातले लोक गोधडी म्हणतात. आमच्याकडं मोठी ती वाकळ, तान्ह्या पोराचं ते दुपटं. सुगी संपली, ऊन तापलं की वाकळा घालायचं काम निघतं. पाऊस लागायच्या आत ते उरकावं लागतं.

जुन्या लुगड्यांची, धोतरांची, सदऱ्यांची शिवण उसवून कापड धुऊन वाळवायचं. जमीन सारवून घ्यायची. खाली एक धड लुगडं ताणून पसरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड. त्यावर फाटक्या कापडांचे थर लावायचे. कुठं जाड कुठं पातळ राहता कामा नये, नाहीतर थंडी बरोबर त्या पातळ जागेतनं शिरते. वर पुन्हा लुगडं. मोठे टाके घालून सगळं जागच्या जागी धरायचं. मग चारी बाजूंनी बाया बसतात आणि काठाकडनं आत धावदोरा घालत येतात. एक फेरा संपला की त्याच्या आत दुसरा. असं करत करत मध्याला येऊन दोरा संपतो.

नवं कापड वाकळेला चालत नाही. सुई लवकर जात नाही आणि ऊबही येत नाही. अंगावर वापरून वापरून मऊ झालेलं कापडच लागतं. म्हणजे वाकळेत माणसाच्या अंगाला न लागलेला एक धागा नसतो. हे लक्षात ठेवा.

आणि दुसरं. जुनी वाकळ फाटली की टाकून देत नाहीत. तिच्यावरच नवं लुगडं घालून पुन्हा टाके घालतात. जुनी वाकळ नव्या वाकळेचं पोट होते. म्हणून वाकळ उसवायला घेतली की वरचा थर अलीकडचा आणि आतला पलीकडचा. जमीन खणताना जसं खाली खाली जावं तसं मागं मागं जाता येतं.

वरनं बघितलं तर आमची वाकळ आमच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्यासारखी दिसते, ठिपक्याठिपक्यांची, पट्ट्यापट्ट्यांची. शहरातला माणूस म्हणेल, काय रंगसंगती! रंगसंगती कसली. जे फाटलं ते लागलं.

*

पहिला थर. आईच्या नायलॉनच्या साड्या, बापाच्या टेरिकॉटच्या पँटी, माझ्या शाळेची खाकी चड्डी. हा थर सगळ्यात भडक आणि सगळ्यात कमी उबेचा. नायलॉन घाम शोषत नाही आणि धावदोऱ्यात सरकतं. आज्जी म्हणाली, "ही कापडं मरत न्हाईत आन ऊबबी देत न्हाईत." यावर जास्त लिहीत नाही. हा काळ आपण सगळे अंगावर पांघरूनच मोठे झालो.

दुसरा थर. मुंबईचा. गिरणीतल्या चिंध्या, तुकडे, दोन हातांपेक्षा लांब एक नाही. पांढरे, निळ्या रेघांचे, काहींवर गिरणीचा शिक्का अर्धाच. माझा आज्जा मुंबईत गिरणीत होता. रिंगखात्यात. सुट्टीला गावी येताना तो ह्या चिंध्यांचं गाठोडं आणायचा.

रिंगखात्यात का आणि साचेखात्यात का नाही? दोस्तहो, हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण तो दोऱ्याचाच प्रश्न आहे. जुन्या मागावर कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि धोट्याच्या भोकातनं दोरा बाहेर काढायला तोंड लावून ओढायचा. एका विणकराचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून स्पृश्य विणकरांनी आपल्या माणसांना साचेखात्यात येऊ दिलं नाही. महाराच्या थुंकीचा विटाळ. साचेखात्यात पगार जास्त. म्हणजे थुंकीचा हिशेब पगाराच्या पाकिटात उतरला. १९२८ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला, सहा महिने चालला. तेव्हा बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढं ठेवला की अस्पृश्यांना विणकामाचं खातं खुलं करा, ही मागणी मागण्यांत घाला. लाल बावट्याखाली एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांना ती मागणी सहज गिळवली नाही. कामगार तेवढा एक, पण धोटा वेगवेगळा.

आता इकडं बघा. मी हे आज्जीला सांगत होतो तेव्हा तिच्या हातात सुई होती. नजर कमी झालेली. दोऱ्याचं टोक तिनं तोंडात घातलं, ओलं केलं, दाताखाली चपटं केलं आणि सुईच्या नेढ्यातनं ओवलं. जगातली प्रत्येक बाई हेच करते. थुंकीशिवाय दोरा ओवला जात नाही. ह्या वाकळेचा टाकान् टाका आमच्या बायांच्या थुंकीनं ओवलेला आहे. गिरणीनं जी थुंकी बाहेर ठेवली तिनं घरात चार पिढ्या ऊब धरून ठेवली.

ह्या थरात सगळ्यात वर एक निळा सदरा आहे. गुंड्या काढून घेतलेला. हा आज्जाचा शेवटचा कामावरचा सदरा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात माणसं बाहेर पडली. तो संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो नुसता विरत गेला, कापड विरतं तसा. आज्जा वर्षभर थांबला, मग एक पत्र्याची पेटी घेऊन कोरेगावला उतरला. नंतर चिंध्या आल्या नाहीत. म्हणून ह्या थरानंतर एकदम नायलॉन सुरू होतं. मधल्या काळात वाकळेला नवं कापड मिळालंच नाही. इतिहासाच्या पुस्तकात त्याला गिरण्यांचा अस्त म्हणतात. वाकळेत त्याला पातळ जागा म्हणतात.

*

तिसरा थर उसवताना हाताला खरखरीत लागलं. तागाचं बारदान. वर शाईची पुसटलेली इंग्रजी अक्षरं. बहिणीनं वाचायचा प्रयत्न केला, अक्षरं जुळेनात. आज्जीनं न वाचता सांगितलं, "मिलोचं पोतं हाय त्ये."

१९७२ चा दुष्काळ. कोरेगावच्या पूर्वेला खटाव, माण. तो सगळा पट्टा पाण्यावाचून करपला होता. दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. रेशनवर परदेशातनं आलेला लाल मिलो, कामावर सुकडी. आज्जी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. खडी फोडून तळहाताला फोड यायचे आणि त्याच हातानं रात्री सुई धरायची. त्या साली लुगडी फाटली, पण फाटलेलं अंगावरनं उतरवायला दुसरं नव्हतं. म्हणून वाकळेत पोतं गेलं.

त्याच १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरनं. मला ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघावंसं वाटतं. मुंबईत पोरं कविता लिहीत होती, कोरेगावात त्यांच्या आया पोती जोडत होत्या. दोन्हींतनं एकच साल बोलतं. पण कवितेची तारीख आपल्याला पाठ आहे. पोत्याची नाही.

चौथा थर पांढरा. एकच लुगडं, पण अख्खं. वाकळेत अख्खं कापड कुणी घालत नाही, म्हणून आम्ही थांबलो. आज्जी म्हणाली, "आत्याबाईंचं दीक्षेचं." १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. लाखो माणसं पांढरी वस्त्रं नेसून आली. पणजीला नागपूर गाठता आलं नाही. पुढं आमच्या भागात दीक्षेचा कार्यक्रम झाला तेव्हा तिनं हे पांढरं लुगडं नेसलं. नवं, दुकानातनं पैसे देऊन घेतलेलं. त्याआधी तिनं पांढरं कापड अंगाला लावलं होतं ते वेगळ्या कारणानं. ते पुढच्या थरात येतं. जीर्ण होईपर्यंत ती हे लुगडं सणासुदीला नेसली आणि मग वाकळेत घातलं. फाडलं नाही. बाकी सगळं फाडलं, हे नाही.

*

आता शेवटचा थर. इथं माझा दोस्त पुढं सरकून बसला.

मांजरपाटाचे तुकडे. पिवळे पडलेले, हातात घेतले की विरायला लागलेले. हीच ती मढ्यावरची कापडं. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन महारानं जायचं, सरपणाला महारानं राबायचं, आणि त्याबद्दल प्रेतावरचं कापड हा महाराचा हक्क. हक्क! बलुत्याच्या यादीत तसंच लिहिलेलं असायचं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं आणि मेलेल्यांची वस्त्रं नेसावी असं सांगितलंय. पोथीतली आज्ञा गावात येऊन हक्क झाली. जुलमाला हक्काचं नाव दिलं की माणूस तो स्वतःच मागायला जातो. ही ह्या व्यवस्थेची खरी हुशारी.

आणि त्या मांजरपाटाच्या मध्ये, बरोबर वाकळेच्या पोटात, एक काळा चौकोन होता. लोकरीचा. वीतभर रुंद, दीड वीत लांब. चारी बाजूंनी दाभणानं घातलेले जाड टाके. लोकर धुण्यात आटते आणि सूत तेवढं आटत नाही, म्हणून त्या ठिगळाभोवती सगळ्या सुती कापडाला चुण्या पडलेल्या. दोन ठिकाणी कसर लागून भोकं पडलेली.

"त्ये तुझ्या पणज्याचं घोंगडं," आज्जी म्हणाली.

माझा पणजा वेसकर होता. हातात काठी, खांद्यावर घोंगडं, ही वेसकराची खूण. रात्री वेशीत बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, पाटलानं हाक मारली की धावायचं. सकाळी दारोदार भाकरी मागायची. पावसात ते घोंगडंच डोक्यावर. थंडीत तेच पांघरूण. रात्रभर तो गाव राखायचा आणि गावातल्या घरांत त्याला पाय ठेवायला मुभा नाही.

ह्या घोंगड्याची लोकर आमच्या पूर्वेच्या माणदेशातली. धनगर मेंढरं कातरतात, त्यांच्या बाया सूत काततात, सणगर मागावर विणतात, चिंचोक्याची खळ लावतात. काळी, जाडीभरडी, टोचणारी, पण पाऊस सहज आत न घेणारी. आता ह्या लोकरीचं एक नवल ऐका. धर्मशास्त्रवाल्यांच्या घरात सोवळ्याला धाबळी नेसतात. धाबळी लोकरीचीच. का? तर लोकरीला विटाळ होत नाही! सुताला होतो, लोकरीला नाही. म्हणजे तीच मेंढी, तीच लोकर. भटजीच्या कमरेला गेली की सोवळं, पणज्याच्या खांद्यावर आली की लांबनं ओळखायची खूण. विटाळ लोकरीत नव्हता, सुतात नव्हता, थुंकीत नव्हता. विटाळ फक्त लावणाऱ्याच्या डोक्यात होता, हे एका वीतभर ठिगळानं मला शिकवलं.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं. १८७४ च्या वतन कायद्याखाली आपली माणसं चोवीस तासांची चाकर होती. बाबासाहेब सांगत होते, हे वतन म्हणजे मान नव्हे, गळ्यातलं लोढणं आहे. आपल्यातल्याच कितीकांना ते सोडवत नव्हतं. तुकडाभर जमीन आणि भाकरीची आशा. अखेर १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं गेली. बाबासाहेब तेव्हा नव्हते.

आज्जीनं सासूकडनं ऐकलेली गोष्ट अशी. वतन गेल्याचं कळलं त्या वर्षी पणज्यानं काठी चुलीत घातली. घोंगडंही घालायला निघाला. पणजीनं हिसकावून घेतलं. म्हणाली, "काठी त्यांची हुती. घोंगडं तुमच्या अंगाचं हाय. थंडी तुमी सोसलीया." घोंगडं तोपर्यंत फाटून गेलेलं. त्यातला जेवढा धड होता तेवढा तुकडा तिनं कापला आणि मांजरपाटाच्या थरावर ठिगळ म्हणून लावला. मढ्याच्या कापडावर जित्या माणसाचं कापड. त्यावर मग ते पांढरं लुगडं आलं. पणजी निरक्षर होती. पण तिनं काय कशाच्या वर ठेवलं ते बघा, आणि मला सांगा हा इतिहास लिहिणं नव्हे तर काय.

*

दोस्त बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तरी पण मांजरपाट जाळू."

त्याचा राग मला समजतो. आपण त्या रागातनंच घडलोय. पण मी जे त्याला सांगितलं ते इथं लिहितो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला काय जाळलं? मेलेल्यांची वस्त्रं नेसा असं सांगणारं पुस्तक जाळलं. आज्ञा जाळली. त्याच महाडात बाबासाहेब आपल्या बायांना म्हणाले की चांगलं लुगडं नेसा, इतर बाया नेसतात तसं नेसा, कपड्यावरनं कुणी तुम्हाला ओळखता कामा नये. म्हणजे मढ्याचं कापड नेसणं बंद झालंच पाहिजे, आणि ते झालं. पण ज्या बाईनं त्या कापडाचं पांघरूण केलं तिची मेहनत आज्ञेत मोडत नाही. आज्ञा होती नेसायची. तिनं त्यातनं लेकरांना थंडीत जगवलं. आज्ञा त्यांची, टाके आपले. आज्ञा जाळायची, टाके मोजायचे.

याचा अर्थ मी वाकळेचे पोवाडे गातोय असं नाही. वाकळेत ढेकूण असतात. भिजली की आठ दिवस वाळत नाही, कुबट वास मारते. आज्जीच्या पिढीनं नदीच्या खालच्या अंगाला, वरच्यांनी वापरून सोडलेल्या पाण्यात ह्या वाकळा बडवल्या. आमच्या बायांनी हौस म्हणून वाकळा शिवल्या नाहीत. रग विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून शिवल्या. आता शहरात गोधडीला भाव आलाय. भिंतीवर टांगतात, प्रदर्शन भरवतात, खाली लिहितात 'पारंपरिक कला'. गरिबी दुसऱ्याची असली की ती कला दिसते. बायांना विकून दोन पैसे मिळत असतील तर जरूर मिळावेत. पण ज्या भिंतीवर वाकळ टांगली तिथं हेही लिहिलं पाहिजे की हे कापड कुणाचं, कुठनं आलं आणि ह्या बाईला नवं का मिळालं नाही.

*

ब्लॅक पँथरचं नाव आपण घेतलं. त्यांच्या आयांच्या वाकळा मात्र आपण बघितल्या नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे. नदीच्या वेढ्यात सापडलेलं, गुलामांच्या नातवंडा-पतवंडांचं. तिथल्या काळ्या बाया शेतात राबून फाटलेल्या पँटी, पोती, सदरे जोडून वाकळा करत आल्या. १९६२ साली त्या गावची माणसं नदी ओलांडून मतदार म्हणून नाव नोंदवायला जायला लागली, तर गोऱ्यांनी नावच बंद केली. ती २००६ साली पुन्हा सुरू झाली. आपल्याकडं तळं बंद, त्यांच्याकडं नाव बंद. १९६६ साली त्या भागातल्या बायांनी वाकळांची सहकारी संस्था काढली, फ्रीडम क्विल्टिंग बी, म्हणजे एकत्र बसून स्वातंत्र्याच्या गोधड्या शिवणं. हक्कासाठी उभं राहिलं म्हणून ज्यांची कामं गेली त्यांच्या चुली त्यावर चालल्या. २००२ पासून त्या वाकळा मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या, बायांची नावं लिहून लागल्या. आणि पुढं २००७ साली त्यातल्या काही बाया आपल्या वाट्याच्या पैशासाठी कोर्टातही गेल्या. नाव मिळालं म्हणजे दाम मिळालाच असं नाही, हेही त्यांच्याकडनं शिकण्यासारखं.

दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत १९७३ ला लष्करानं सत्ता बळकावली. माणसं उचलून नेली, ती परत आली नाहीत. त्यांच्या आया-बायकांनी पोत्याच्या कापडावर चिंध्यांची ठिगळं लावून चित्रं केली. पोलीस, तुरुंग, रिकामं ताट. कडेला लोकरीची किनार. काही ठिगळं तर नाहीशा झालेल्या माणसाच्याच कपड्यांची. ती चित्रं परदेशात गेली आणि जगाला कळलं चिलीत काय चाललंय. लेखणीवर पहारा बसला तर सुई बोलते.

लांब कशाला जा. आपल्याच सातारा जिल्ह्यात, फलटणला बेबीताई कांबळे होत्या. दुकान चालवता चालवता त्यांनी आपल्या बायांचं जिणं कागदावर उतरवलं आणि ते कागद वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवले. नवऱ्याला कळू नये म्हणून. 'जिणं आमुचं' पुस्तक होऊन आलं १९८६ ला. विचार करा, चळवळीतल्या घरातली बाई, तिलाही लिहिणं लपवावं लागलं. दोष फक्त भटाच्या पोथीत नाही. आपल्या घरातही बसायला सतरंजी पुरुषाला आणि ती शिवायला बाई. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना शोधून शोधून बोलतं केलं आणि 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं तोपर्यंत १९८९ उजाडलं होतं. ज्या बाया बोलायच्या आत गेल्या त्यांचं काय? त्यांच्या वाकळा तेवढ्या आहेत. त्याही आपण जाळायला निघालो.

*

वाकळ उसवली ती तशीच ठेवता येत नव्हती. पुन्हा घालायला घेतली. मांजरपाटाचं काय करायचं यावर पुन्हा वाद झाला. शेवटी आईनं निकाल दिला. ते नव्या वाकळेत घातलं नाही आणि जाळलंही नाही. एका पिशवीत बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवलं. अभ्यासवर्गात मनुस्मृतीवर बोलताना ती पिशवी मध्ये ठेवायची असं ठरलंय. दहाव्या अध्यायाचा पुरावा म्हणून.

पांढरं लुगडं आत, मधोमध. बारदान काढून टाकलं नाही. आज्जाचा सदरा आहे. त्यात मी माझा कामावरचा एक जुना सदरा टाकला, कापसाचं लिंट अजून शिवणीत अडकलेला.

राहिलं लोकरीचं ठिगळ. आज्जी म्हणाली, पोटात घाला, वर लावलं तर टोचंल. माझा तोच दोस्त, जो जाळायला निघाला होता, म्हणाला, "टोचू दे. वर लावा." मग ते वरच लावलं, मधोमध, जिथं शेवटचा दोरा संपतो तिथं. कसर लागलेली भोकं काळ्या दोऱ्यानं रफू केली. दाभण आज्जीनं धरलं, दोरा मी ओवला. थुंकी लावून.

एका कोपऱ्यात बहिणीनं लाल दोऱ्यानं दोन नावं घातली. पणजीचं आणि आज्जीचं. ती इथं छापत नाही, ती वाकळेवर आहेत. आज्जीला वाचता येत नाही. तिनं अक्षरांवरनं बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यातलं माजं कंचं?"

दोस्तहो, १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. जायलाच पाहिजे. त्या दगडावरची नावं वाचायलाच पाहिजेत. पण परत आल्यावर आपल्या घरातली वाकळ एकदा अंगणात पसरा. म्हातारीला शेजारी बसवा, वही-पेन घ्या. हे कापड कुणाचं, ते कुठं कामाला होतं, ते कधी फाटलं, टाके कुणी घातले, हे एकेक ठिगळावर बोट ठेवून विचारा. ती सांगेल तसं, तिच्या बोलीत, लिहून घ्या. आणि कोपऱ्यात तिचं नाव घाला. पुढच्या अंकाला कविता नसेल तर चालेल, पण ही वही घेऊन या.

घाई करा. म्हाताऱ्या फार दिवस थांबणार नाहीत आणि कसर तर आधीच लागलेली आहे.

जयभीम.